युनायटेड, चेल्सी आणि आपलं गेलेलं पुणे सिटी : नवे मालक आले की नेमकं काय बदलतं?

बालेवाडीकर (धागालेखक)

२०२६ च्या पहिल्या पाच दिवसांत इंग्लंडमधल्या दोन मोठ्या क्लबांचे प्रशिक्षक घरी गेले. १ जानेवारीला चेल्सी आणि मारेस्का वेगळे झाले, ५ तारखेला मँचेस्टर युनायटेडने अमोरिमच्या हातात नारळ दिला. मारेस्काने तर गेल्याच वर्षी दोन ट्रॉफ्या आणल्या होत्या. म्हणजे भांडण मैदानावरचं कमी आणि वरच्या मजल्यावरचं जास्त. खेळाडू कोण आणणार, संघ कसा खेळणार, शेवटचा शब्द कुणाचा. लीड्सशी बरोबरी झाल्यावर अमोरिम पत्रकारांसमोर सरळ बोलून गेला की मी इथे मॅनेजर म्हणून आलो होतो, नुसता कोच म्हणून नाही. दुसऱ्या दिवशी खेळ खल्लास.

युनायटेडबद्दल सविस्तर लिहितो, कारण तो माझा क्लब. २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबाने तो सुमारे ७९ कोटी पौंडांना घेतला, त्यात बराचसा पैसा कर्जाऊ होता आणि ते कर्ज क्लबच्याच नावावर चढवलं. घर आपल्या नावावर करायचं आणि हप्ते भाडेकरूंकडून भरून घ्यायचे, असला व्यवहार. २०२३ च्या नाताळच्या आदल्या दिवशी ब्रिटिश उद्योगपती जिम रॅटक्लिफचा क्लबात हिस्सा घ्यायचा करार जाहीर झाला, फेब्रुवारी २०२४ मध्ये पुरा झाला. त्याचा हिस्सा आज २९ टक्क्यांच्या आसपास, पण फुटबॉलचा सगळा कारभार त्याच्या इनिऑस कंपनीकडे. बहुमत अजून ग्लेझरांकडेच. शिव्या एकाला, लाभांशाचा हक्क दुसऱ्याला.

मग माणसं आली. मँचेस्टर सिटीतून ओमर बेराडा सीईओ म्हणून. साउथॅम्प्टनहून जेसन विलकॉक्स. न्यूकॅसलहून डॅन ॲशवर्थ, ज्याच्यासाठी महिनोन्महिने थांबले, भरपाई मोजली, आणि १ जुलैला रुजू झालेला हा माणूस डिसेंबरात बाहेर! तेव्हाचा प्रशिक्षक टेन हाग, त्याचं त्याहून भारी. एफए कप जिंकल्यावर इतर प्रशिक्षकांशी बोलणी केली, मग त्यालाच ठेवला, जुलैत करार वाढवला, ऑक्टोबर संपायच्या आत काढला. टेन हाग आणि त्याच्या मदतनीसांना १ कोटी ४ लाख पौंड, ॲशवर्थ प्रकरणाचे ४१ लाख. आपल्या पैशात दीडशे कोटींच्या पुढे.

त्याच २०२४ मध्ये अडीचशे कर्मचाऱ्यांना घरी पाठवलं, फेब्रुवारी २०२५ मध्ये आणखी दोनशेपर्यंत जातील असं जाहीर केलं. कॅन्टीनमधलं फुकट जेवण बंद. भर हंगामात उरलेली तिकिटं सरसकट ६६ पौंड, पोरांना नि म्हाताऱ्यांना सवलत नाही. क्लबचा गाजलेला माजी मॅनेजर फर्ग्युसन, त्याचं राजदूतपदाचं मानधनही थांबवलं. आणि संघ? २०२४-२५ ला लीगमध्ये १५ वा नंबर, ४२ गुण, वर बिल्बाओत टॉटेनहॅमकडून युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात हार.

माझं म्हणणं एवढंच की कात्री तिथे चालली जिथे उलटून बोलणारं कुणी नव्हतं. मोठे आकडे ज्यांनी ठरवले त्यांच्या पगाराला धक्का नाही. मंडळींना काय वाटतं?

शंकासूर

एवढी काटकसर करायची होती तर टेन हागचा करार वाढवला कशाला? साधा प्रश्न आहे.

बालेवाडीकर

@शंकासूर, तेच तर. आणि तो करार वाढवणाऱ्यांपैकी ॲशवर्थ नव्हता म्हणावं तर तेही पूर्ण खरं नाही, तो तेव्हा नुकताच आला होता. खरा निर्णय कुणाचा हे आजतागायत कुणी धड सांगत नाही. आपल्या पुण्यात याला बारभाईंचा कारभार म्हणतात. फरक इतकाच की बारभाईंनी निदान राज्य टिकवलं.

ताळेबंद

धागा चांगला, पण आकडे अर्धेच सांगितलेत, म्हणून पुरवणी जोडतो. (पेशाने हिशेबनीस आहे, सवय जात नाही.)

युनायटेडचा पगारखर्च २०२३-२४ मध्ये सुमारे ३६.५ कोटी पौंड होता. २०२४-२५ मध्ये ३१.३ कोटी. एका वर्षात पाच कोटींहून जास्त घट. ही कॅन्टीनच्या जेवणातून येत नाही. मोठा भाग खेळाडूंचा आहे : जास्त पगाराचे लोक गेले, आणि चॅम्पियन्स लीग नसली की तिथे बऱ्याच करारांत पगार आपोआप खाली येतो. तोटा ११.३ कोटींवरून ३.३ कोटींवर आला आणि उत्पन्न ६६.६ कोटी, विक्रमी. पंधराव्या नंबरच्या संघाचं उत्पन्न विक्रमी, हे वाक्य पुन्हा वाचा.

तेव्हा नवे मालक काहीच करत नाहीत असं म्हणता येणार नाही. मार्च २०२५ मध्ये रॅटक्लिफने सांगितलं होतं की हात आवरला नसता तर नाताळपर्यंत तिजोरी रिकामी झाली असती. तेव्हाच त्याने अँटनी, कॅसेमिरो, ओनाना, होयलुंड, सांचो यांची नावं घेऊन, हे व्यवहार आमच्या आधीचे, पैसे मात्र आम्ही भरतोय, असा सूर लावला. सूर कडवट होता, पण हिशेब खरा. खेळाडू एकदा विकत घेतला की किंमत करारभर हप्त्याहप्त्याने पुस्तकात चढत राहते. मागच्या मालकाचं पाप पुढच्याच्या ताळेबंदात पाच-पाच वर्षं दिसतं.

कॅसेमिरोचं बघा. २०२२ मध्ये तिशीच्या माणसाला चार वर्षांचा करार आणि सहा कोटी पौंडांवर किंमत. फुटबॉलपटू म्हणून मला तो आवडतो, पण विकायला काढला तर घेणार कोण? एवढा पगार देणारा दुसरा क्लब नाही, आणि पगार सोडून जायला तो खुळा नाही. पगाराची रचना बिघडली की ट्रान्सफर आपोआप बिघडतं. म्हणून २०२५ च्या उन्हाळ्यात रॅशफोर्ड बार्सिलोनाला लोनवर (म्हणजे तात्पुरता उसना), होयलुंड नापोलीला लोनवर, सांचो व्हिलाला लोनवर. मोठी विक्री म्हणावी अशी एकच, गार्नाचो चेल्सीला चार कोटींना.

निळीचिमणी

चेल्सीचं नाव शीर्षकात घेतलंत आणि लिहिलं दोन ओळी, हे चालणार नाही.

आमचं काय झालं ते सांगते. मार्च २०२२ मध्ये आमचा रशियन मालक अब्रामोविचवर निर्बंध आले, मेच्या शेवटी टॉड बोली हा अमेरिकी गुंतवणूकदार आणि क्लिअरलेक ही गुंतवणूक कंपनी यांनी क्लब घेतला. अडीच अब्ज पौंड क्लबचे, आणि पुढे पावणेदोन अब्ज गुंतवायचं वचन. सुरुवात भयंकर होती, कबूल. टुखेलला सप्टेंबरात काढलं, मग पॉटर, मग लँपार्ड तात्पुरता, आणि हंगाम बाराव्या नंबरवर. पण पगाराची नवी रचना त्यांनी बसवली आणि ती कुणी बघत नाही. मूळ पगार कमी, कामगिरीवर जास्त, करार मात्र लांबलचक. खेळाडू तरुणच घ्यायचे. जुने मोठ्या पगाराचे एकेक करून बाहेर काढले, आणि माउंट तर तुमच्याच युनायटेडने साडेपाच कोटींना घेतला, धन्यवाद :)

२०२५ मध्ये कॉन्फरन्स लीग आणि क्लब विश्वचषक, अंतिम सामन्यात पीएसजीला ३-०. तुमच्याकडे काय?

ताळेबंद

निळीचिमणीताई, रचना चलाख होती यात वाद नाही. एन्झो फर्नांडेझ १०.६८ कोटी पौंड, करार साडेआठ वर्षांचा. हिशेबाच्या पुस्तकात दरवर्षी साधारण सव्वा कोटी. तोच पाच वर्षांत मांडला असता तर दोन कोटींच्या वर. लांब करारातली मेख ती. म्हणून युएफाने (युरोपची फुटबॉल संघटना) २०२३ च्या उन्हाळ्यापासून पाच वर्षांची मर्यादा घातली आणि डिसेंबरात प्रीमियर लीगनेही घातली.

मग पुढची युक्ती : हॉटेलं आपल्याच भावंड कंपनीला ७.६५ कोटींना विकली, महिला संघ मूळ कंपनीला २० कोटींना. एका खिशातून दुसऱ्या खिशात. इंग्लंडच्या तेव्हाच्या नियमात बसलं, युएफाच्या नाही, आणि जुलै २०२५ मध्ये दंड झाला. आणि अकादमीतला पोरगा विकला की सगळी रक्कम निव्वळ नफा, कारण पुस्तकात त्याची किंमत शून्य. माउंट, गॅलघर आणि युनायटेडचा मॅकटॉमिने, सगळे या गणिताचे बळी. घरचं पोर विकणं सगळ्यात फायद्याचं ठरवणारा नियम ज्याने लिहिला त्याला दंडवत.

कोथरूडचा लाल

@निळीचिमणी, आमचा सांचो आधी तुमच्याकडे लोनवर होता, त्याला कायमचा घ्यायचं बंधन होतं, ते टाळायला चेल्सीने पन्नास लाख पौंड मोजले. आम्हाला खेळाडू परत मिळाला, वर पैसे. युनायटेडच्या अलीकडच्या इतिहासातला सर्वोत्तम व्यवहार :D

गंभीरपणे : मला इनिऑसवर एवढा राग नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात पहिल्यांदा खरेदीत डोकं दिसलं. कुन्हा, एम्ब्यूमो, शेश्को आणि गोलकीपर लॅमेन्स, मिळून वीस कोटींच्या वर. पैकी कुन्हा आणि एम्ब्यूमो याच लीगमध्ये गोल करून दाखवलेले. नाव बघून नाही, काम बघून घेतले. पण मग तीन बचावपटूंची पद्धत हट्टाने खेळवणारा प्रशिक्षक कुणी निवडला? हे खेळाडू त्या पद्धतीसाठी घेतले असतील तर आता अमोरिमच्या जागी हंगाम संपेपर्यंत आलेला कॅरिक दुसऱ्या पद्धतीने खेळवणार, आणि २०२६ च्या उन्हाळ्यात येणारा तिसऱ्याच.

वाचनमात्र

पाच वर्षं नुसतं वाचतोय इथे, आज लॉगिन केलं. चेल्सीत मारेस्काच्या जागी रोझेनियर आला तो फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गचा. स्ट्रासबर्गही त्याच मालकांचं. हंगामाच्या मधोमध धाकट्या घरचा प्रशिक्षक उचलून थोरल्या घरी आणला. स्ट्रासबर्गच्या लोकांनी काय करायचं?

निळीचिमणी

ते मलाही पटलेलं नाही. पण वाईट वाटलं म्हणून मालक विचारायला येत नाही.

खडकीचा लेफ्टबॅक

स्ट्रासबर्गच्या लोकांची काळजी करताय, बरं आहे. पुण्याच्या लोकांनी काय केलं ते विचारा की राव.

दहा-अकरा वर्षांपूर्वी या शहरात एकाच वेळी किती क्लब होते आठवतंय का? पुणे एफसी, २००७ चा, पिरामल समूहाचा. डेरिक परेरा कोच, २०१२-१३ ला आय-लीगमध्ये (तेव्हाची देशातली मुख्य लीग) चर्चिल ब्रदर्सच्या मागे दुसरा नंबर. देशात वाखाणलेली अकादमी. भारत एफसी, कल्याणी समूहाचा, २०१४-१५ ला आला, एक हंगाम खेळला, गेला. डीएसके शिवाजियन्स, त्यांचा लिव्हरपूलशी अकादमीचा करार, २०१५-१६ आणि २०१६-१७ असे दोन हंगाम आय-लीग. आणि आयएसएलचं, म्हणजे २०१४ ला आलेल्या इंडियन सुपर लीगचं, एफसी पुणे सिटी. आज वरच्या पातळीवर यातला एकही नाही.

पुणे एफसी मैदानावर हरून बंद पडलं नाही. आयएसएल आली, पैसा आणि टीव्ही तिकडे गेला, आणि आय-लीगमध्ये खर्च करत राहण्यात मालकाला अर्थ दिसेना. त्याने हिशेब केला, दुकान बंद. अकादमी पुढे पुणे सिटीकडे गेली. डीएसकेचं सगळं बांधकाम व्यवसायावर उभं होतं, तो कोसळल्यावर फुटबॉल कोण बघतो.

पुणे सिटी म्हणजे तर या धाग्याचा विषयच. पहिल्याच वर्षी त्रेझेगे, विश्वचषकविजेता, सदतिसाव्या वर्षी. पुढच्या वर्षी मुतू. कोलोंबा, प्लॅट, हाबास, पोपोविच, पोर्तुगाल, ब्राउन : पाच हंगाम, सहा कोच, मधला हंगामी वेगळा. प्रत्येक नवा कोच आपली माणसं घेऊन येणार, आधीची परदेशी फळी जाणार. धड एकच हंगाम जमला, २०१७-१८, मार्सेलिन्यो आणि अल्फारोचा. सेमीफायनलला बंगळुरूने अडवलं. तेव्हा बालेवाडीत जो आवाज होता तो पुन्हा ऐकला नाही.

मग मालक वाधवान समूह आर्थिक संकटात सापडला आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयएसएलमधली जागा हैदराबादच्या नव्या मालकांकडे गेली. मार्सेलिन्यो, आदिल खान, निखिल पुजारी, खुद्द फिल ब्राउन, सगळे हैदराबाद एफसीत. आम्ही केशरी टी-शर्ट घालून कुणाला टाळ्या वाजवायच्या?

शंकासूर

आणि त्याच हैदराबादने २०२१-२२ ला आयएसएल जिंकली!

खडकीचा लेफ्टबॅक

जिंकली ना. पुढचं ऐका. दोन वर्षांत तिथेही खेळाडूंचे पगार थकले, फिफाने नवे खेळाडू घ्यायला बंदी घातली, २०२४ ला जिंदाल समूहाने क्लब घेतला आणि २०२५ ला उचलून दिल्लीला नेला. आता नाव स्पोर्टिंग क्लब दिल्ली. जागा एकच, पुणे ते हैदराबाद ते दिल्ली. प्रत्येक मुक्कामी एक स्टेडियम आणि थोडे वेडे लोक मागे राहिले.

म्हणून रॅटक्लिफने कॅन्टीन बंद केली यावर मला फार रडू येत नाही. तो उद्या गेला तरी ओल्ड ट्रॅफर्ड तिथेच राहणार.

उपनगरी

कॅन्टीनवर रडू नका, पण हे बघा. २०२४-२५ ला पुरुष संघाच्या इमारतीचं काम निघालं, तेव्हा पुरुषांना महिला संघाच्या इमारतीत हलवलं आणि महिलांना तात्पुरत्या केबिनमध्ये. त्याच महिलांनी त्याच्या आधीच्या मेमध्ये वेम्ब्लीवर एफए कप जिंकला होता. धागालेखकाने कात्रीबद्दल जे लिहिलंय त्यात हे कसं राहिलं?

बालेवाडीकर

@उपनगरी, +१. हे धाग्यात हवंच होतं.

@खडकी, तुलना पटते पण पूर्ण नाही. इंग्लंडमध्येही क्लब उचलून नेलाय. विम्बल्डन २००३ ला मिल्टन कीन्सला गेलं. पण तिथल्या लोकांनी २००२ मध्येच स्वतःचा एएफसी विम्बल्डन काढला, तळाच्या लीगपासून चढत वर आणला, आजही तो चाहत्यांच्या मालकीचा आहे. पुण्यात पुणे सिटीच्या चाहत्यांची ऑरेंज आर्मी होती, ढोल होते, का नाही काढला आपण?

खडकीचा लेफ्टबॅक

काढून खेळायचं कुठे साहेब? बालेवाडीचं भाडं कोण भरणार? आयएसएलमध्ये खालून चढायची वाटच नव्हती, शिडी होती ती आय-लीगची, आणि तिथून वर जायचा रस्ता २०२३ ला पंजाब एफसीसाठी पहिल्यांदा उघडला. विम्बल्डनच्या लोकांपुढे नववी पायरी तरी होती.

आणि खरं सांगू, आम्ही जे तिथे ढोल बडवत होतो त्यातल्या निम्म्यांना पीडीएफएच्या (पुणे जिल्हा फुटबॉल संघटना) लीगचे सामने कुठे होतात हे माहीत नव्हतं. कॅम्प, खडकी, बोपोडीची पोरं तिथे धूळ खात खेळत होती, अजून खेळतात.

तालीमवाला

कोल्हापूरकर आलाय, सावरून बसा.

पुण्याचं दुखणं हे की क्लब आधी कंपनीचा, मग गावाचा. आमच्याकडं पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, सगळ्या पेठांतल्या तालमी. खेळाडू बदलला, अध्यक्ष बदलला, देणगीदार रुसला तरी तालीम हलत नाही. शाहू स्टेडियमला सामना असला की गल्ली रिकामी.

लगेच कुणी म्हणेल की मग कोल्हापूरचा संघ आयएसएलला का नाही. बरोबर आहे. तालमीच्या वर्गणीतून परदेशी कोच येत नाही. बाहेरचे खेळाडू आणायला सुरुवात झाल्यापासून आमच्याकडंबी खर्च वाढलाय आणि देणगीदाराचा आवाजबी. पैसा देणारा संघनिवडीत बोटं घालतो, हे मँचेस्टरला जाऊन शिकायची गरज नाही. भांडणं होत्यात, चिकार होत्यात. पण ज्याच्याशी भांडायचं तो गल्लीच्या टोकाला राहतो.

ताळेबंद

तालीमवाले, मुद्दा छान, पण मालक दूरचा असला की वाईटच असं नाही. रेक्सहॅम घ्या. तो क्लब चाहत्यांच्याच मालकीचा होता, त्यांनीच मतदान करून २०२१ मध्ये दोन हॉलिवूडवाल्यांना दिला. २०२३, २०२४, २०२५, सलग तीन बढत्या. उलट मुंबई सिटी बघा. २०१९ ला मँचेस्टर सिटीवाल्या समूहाने ६५ टक्के हिस्सा घेतला. पद्धतशीर काम, २०२०-२१ ला शील्ड आणि करंडक दोन्ही. आणि आयएसएलचं व्यापारी भवितव्य अधांतरी झाल्यावर डिसेंबर २०२५ मध्ये ते हिस्सा सोडून निघून गेले. एवढा श्रीमंत फुटबॉल समूहही लीगला करार नसेल तर थांबत नाही. मालकाची नियत तपासत बसण्यापेक्षा जागा कुणाच्या नावावर आहे आणि ती हलवायला कुणाची परवानगी लागते हे तपासा. जर्मनीत ५० अधिक १ चा नियम आहे, म्हणजे मतांचं बहुमत क्लबच्या सभासदांकडेच, तो यासाठीच.

कोथरूडचा लाल

लाइपझिगने त्या नियमाचं काय केलं तेही सांगा मग.

ताळेबंद

लाइपझिगमध्ये मतदानाचा हक्क असलेले सभासद मोजकेच, आणि तेही रेड बुलच्या जवळचे. नियम कागदावर पाळला. कागदावर पाळायची कला आपल्याला नवी आहे का?

वाचनमात्र

मूळ मुद्द्यावर येतो. २०२६-२७ च्या हंगामापासून प्रीमियर लीगमध्ये तीन वर्षांत १०.५ कोटी तोट्याचा नियम जाऊन, संघावरचा खर्च उत्पन्नाच्या ८५ टक्क्यांत बसवायचा नियम येणार असं वाचलं. याने युनायटेडला फायदा की तोटा?

ताळेबंद

फायदा. ज्याचं उत्पन्न मोठं त्याची ८५ टक्के रक्कमही मोठी. मरतील ते मधले, एव्हर्टन आणि फॉरेस्टसारखे, ज्यांचे जुन्या नियमात गुण कापले गेले होते. पण युरोपात खेळलात तर युएफाची मर्यादा ७० टक्के, ती वेगळी.

बालेवाडीकर

मग माझा अंदाज नोंदवून ठेवा. जून २०२६ मध्ये कॅसेमिरोचा करार संपतो, रॅशफोर्डचं बार्सिलोना ठरवेल, होयलुंडचं नापोली. तिन्ही पगार एका उन्हाळ्यात उतरले तर इनिऑसकडे पहिल्यांदाच स्वतःच्या मर्जीचा संघ बांधायला मोकळी जागा असेल, आणि मागच्यांची पापं हे कारण संपेल. त्या वेळी प्रशिक्षक निवडताना शेवटचा शब्द बेराडाचा, विलकॉक्सचा की रॅटक्लिफचा, हे त्यांनी आधी आपसात ठरवलं तर मी कोथरूडच्या लालला बेडेकरची मिसळ चारीन.

कोथरूडचा लाल

नोंदवलं. एक्स्ट्रा पावासकट.

खडकीचा लेफ्टबॅक

मिसळीआधी कुणाला जमणार असेल तर पीडीएफएचं वेळापत्रक आलं की इथे टाकतो. तिकीट नाही, सावली नाही, पाणी घेऊन या.